लिपस्टिकची नळी आणि परीक्षेचं पॅड

नेथन डॅनियल हा मुळात अ‍ॅम्प्लिफायर बनवणारा माणूस. 1947 साली त्यानं अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, रेड बँक गावी, डॅनइलेक्ट्रो नावाची कंपनी काढली आणि सीअर्स, माँटगोमरी वॉर्ड यांसारख्या टपालानं माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांना तो अ‍ॅम्प्लिफायर पुरवू लागला. 1954पासून त्याच कारखान्यात इलेक्ट्रिक गिटारी व्हायला लागल्या. त्या स्वस्त असणं भागच होतं, कारण त्या पहिल्यांदाच गिटार हातात घेणाऱ्यांसाठी होत्या. डॅनियलनं लाकडाच्या पट्ट्यांची एक चौकट केली आणि तिच्यावर वरून-खालून हार्डबोर्ड चिकटवला. कडेला जी उघडी फट दिसत होती ती रेक्झिनसारख्या पट्टीनं झाकून टाकली. तारांचा कंप टिपणाऱ्या पिकअपसाठी धातूचं आवरण हवं होतं. ते नव्यानं घडवण्यापेक्षा त्यानं सरळ लिपस्टिकच्या तयार नळ्या उचलल्या. एका नळीच्या पोटात लोहचुंबकाची कांडी, तिच्याभोवती तांब्याची तार, दोन्ही टोकं बंद. गिटारवाले त्या पिकअपला आजही 'लिपस्टिक' असंच म्हणतात.

हार्डबोर्ड म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शाळेत परीक्षेला नेत होतो ते तपकिरी पॅड आठवा: एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला जाळीचा ठसा, वर लोखंडी चाप. त्याच जातीच्या मालाची गिटार घेऊन लेड झेपेलिनचा जिमी पेज हजारो लोकांसमोर 'काश्मीर' वाजवत असे. त्याच्याकडे त्या वेळी हवी ती महागडी गिटार होती, तरी त्या गाण्याला त्यानं हीच निवडली.

या पुस्तकात घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार कशी बनवायची ते सांगितलं आहे, आणि तीही 1950-60च्या दशकांतल्या त्या विचित्र, चमत्कारिक गिटारींच्या वळणाची. मला त्या गिटारींचं वेड आहे. पण कृतीकडे वळण्याआधी त्या तशा का दिसतात हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. त्यांच्या विक्षिप्तपणाची नुसती नक्कल केली तर हाती शोभेची वस्तू येते. त्यामागची गरज ओळखली, तर आपल्या घरात, आपल्या बाजारात जे मिळतं त्यातून आपली स्वतःची विक्षिप्त गिटार होते.

स्वीडनमधल्या हागस्ट्रॉमचं उदाहरण घ्या. एल्व्हडालेन या छोट्याशा गावातला हा कारखाना अ‍ॅकॉर्डियनचा. इटलीत रेकानातीची एको कंपनीही अ‍ॅकॉर्डियनवाल्यांचीच. 1950च्या दशकाच्या शेवटी पोरांना अ‍ॅकॉर्डियन नकोसा झाला, गिटार हवीशी झाली. कारखान्यात अ‍ॅकॉर्डियनला मढवायचं कचकडं पडून होतं, मोत्यासारखं चमकणारं किंवा चमचम दाणे असलेलं. ते मढवणारे कसबी हात होते, आणि सूर बदलायची बटणं बनवण्याची सवय होती. मग गिटारी निघाल्या त्या चकाकत्या कचकड्यात मढवलेल्या, अंगावर बटणांची रांग असलेल्या. आज संग्राहकांना ही बटणं म्हणजे त्या काळाची हौस वाटते. खरं तर ती एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाणाऱ्या कारागिरांची सवय आहे, आणि मला ती म्हणूनच सुंदर वाटते. जपानमध्ये टेस्कोनं चार-चार पिकअप आणि खटक्यांच्या रांगा लावल्या. शिकागोत व्हॅल्को कंपनीनं तर लाकूड सोडून फायबरग्लासचं अंग ओतलं. तिची एक गिटार अमेरिकेच्या नकाशासारखी दिसते.

हे सगळं चालून कसं गेलं? हार्डबोर्ड, फायबरग्लास, काहीही लावा, तरी गिटार वाजते कशी? इथे मला मिरजेकडे यावं लागतं. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो, वाळतो, निवडला जातो. तुणीच्या लाकडाची तबली किती पातळ ठेवायची हे पिढ्यान्‌पिढ्यांचा हात ठरवतो. कारण तिथे आवाज त्या भोपळ्यातून आणि लाकडातूनच बाहेर यायचा असतो. भोपळा चुकला की तंबोरा चुकला. असं वाद्य घरी बनवायला घेऊ नये, आणि घेतलंच तर आधी दहा वर्षं कुणाच्या तरी हाताखाली बसावं.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाजाचा जन्म वेगळ्या जागी होतो. पोलादी तारेखाली लोहचुंबक असतो, त्यामुळे तारही जराशी चुंबकीय होते. ती हलली की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. फॅरडेनं 1831 साली दाखवलं तेच. ती एवढीशी वीज अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. नायलॉनच्या तारेवर म्हणूनच हे पिकअप मुकं राहतं. कोणत्या लाकडानं आवाजात किती फरक पडतो यावर गिटारवाले रात्र-रात्र भांडतात. माझं मत असं, की अंगाचं लाकूड हा त्यातला फार लहान भाग आहे. नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ असली, तिच्यावरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, अचूक बसले, ब्रिज जागेवर आणि घट्ट असला, की बाकी अंग कशाचंही करा. गिटारवादक लेस पॉल यानं 1940च्या सुमारास चार इंच बाय चार इंच पाइनच्या ओंडक्यावर नेक, तारा आणि पिकअप चढवून हेच सिद्ध केलं होतं. त्या वाद्याला तो 'लॉग', म्हणजे ओंडकाच, म्हणत असे. लोकांना ते गिटारीसारखं दिसेना, म्हणून त्यानं एका पोकळ गिटारीचे दोन अर्धे त्याला दोन्हीकडे पंखांसारखे जोडले. आवाजाला त्या पंखांची गरज नव्हती, बघणाऱ्यांना होती.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर डॅनियलचंच आणखी एक वाद्य सांगतो. 1960च्या दशकाच्या मध्यावर पाश्चात्त्य संगीतात सतारीची लाट आली. सतार शिकायला वर्षं लागतात, आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत तिचा सूर उद्या सकाळी हवा असतो. न्यूयॉर्कचा स्टुडिओ-गिटारवादक विन्सेंट बेल आणि डॅनइलेक्ट्रो यांनी मिळून 1967 साली कोरल इलेक्ट्रिक सितार आणली. वाजवायच्या 6 तारा गिटारीच्याच, बाजूला 13 तरफेच्या तारा, आणि पिकअप तेच लिपस्टिकचे. खरी गंमत तिच्या घोडीत होती. गिटारची घोडी, म्हणजे ब्रिज, तार एका धारेवर तोलते, म्हणजे सूर स्वच्छ निघतो. बेलनं ती रुंद आणि जवळजवळ सपाट केली, म्हणजे तार घोडीच्या पाठीवर घासत, तिला शिवत-सोडत कंप पावेल. मिरजेचा कारागीर कानस घेऊन जी जवारी काढतो तीच ही, फक्त प्लायवुड-हार्डबोर्डच्या जगात. 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड' या स्टीव्ही वंडरच्या 1970च्या गाण्याच्या सुरुवातीला जो सतारीसारखा सूर ऐकू येतो तो याच वाद्याच्या जातीचा. गिटारीत तार खडखडली की आपण तो दोष मानून फ्रेट घासायला बसतो. इथे त्याच खडखडीसाठी घोडी घडवली. एखादी गोष्ट दोष आहे की गुण, हे वाद्याकडून काय हवं आहे त्यावर ठरतं, हे मला या एका घोडीनं शिकवलं.

घरी बनवलेल्या गिटारींचा विषय असेल तर 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या 'रेड स्पेशल'पाशी थांबावंच लागतं. मी तिच्यापाशी अनेक वर्षं थांबलेलो आहे. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं उपनगर आहे. ऑगस्ट 1963मध्ये तिथे 16 वर्षांचा ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी गिटार बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, हात विलक्षण. फेंडर विकत घेण्याची ऐपत घराला नव्हती. दोघांनी दोन वर्षं घरातल्या घरात काम केलं. नेकसाठी जुन्या शेकोटीवरच्या फळीचं महोगनी घेतलं. त्या लाकडाला किडीची भोकं होती, ती आगपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. अंगात एका जुन्या टेबलाचं ओक आहे. फ्रेटबोर्डवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या बटणांच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोचा दांडा सायकलच्या पिशवीच्या आधाराचा, आणि त्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचं टोक.

ट्रेमोलोकडे मात्र नीट पाहायला हवं. हा दांडा दाबला की ब्रिज कलतो, सगळ्या तारा सैल होतात, सूर खाली घसरतो. सोडला की वर यायला हवा. अडचण परत येण्यातच असते. कुठेही घर्षण झालं, की ब्रिज तसूभर अलीकडेच थांबतो आणि गिटार बेसूर होते. त्या बापलेकांनी ब्रिजची पट्टी सुरीच्या धारेसारख्या कडक पोलादी कडेवर तोलली. तराजूची दांडी तोलतात ना, तशी. एका बाजूनं तारांची ओढ, दुसऱ्या बाजूनं दोन स्प्रिंगांचा रेटा. त्या स्प्रिंगा 1928च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. तारा सरकतील तिथे त्यांनी छोटी चाकं बसवली, म्हणजे तार घासणार नाही, फिरत्या चाकावरून जाईल. कामगिरी तंतोतंत, आणि माल सगळा अडगळीतला. ब्रायननं पिकअपही स्वतः बनवले होते. पण तार बोटानं ओढून सूर चढवला की त्यांतून चमत्कारिक आवाज येई, म्हणून त्यानं ते काढून बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले. ते मोठ्या आवाजात शिट्टी मारू नयेत म्हणून त्यांत अराल्डाइट ओतलं. आपण चिरलेल्या बरण्या ज्यानं जोडतो तेच. स्वतःच्या हातचं जमलं नाही तिथे विकतचं घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट प्रत्येक नव्या कारागिरानं मनाशी धरावी असं मला वाटतं.

या गिटारचं आपल्याशीही एक नातं आहे. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. शाळेतल्या मित्रांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, त्यात तो पियानो वाजवायचा. 1964 साली झांझिबारमधल्या उलथापालथीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं आणि राहिलं ते नेमकं फेल्टममध्ये. त्या वेळी तिथल्याच दुसऱ्या एका घरात रेड स्पेशल अर्धवट अवस्थेत होती. एकमेकांशी ओळख व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली. 1970 साली 'क्वीन' उभी राहिली तेव्हा तो मुलगा फ्रेडी मर्क्युरी झाला होता आणि त्याच्या शेजारी ती शेकोटीच्या लाकडाची गिटार होती. 3 जून 2002ला ब्रायन मेनं बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं, तेही तिच्यावरच.

आता आपल्या कामाबद्दल. गिटारीत फार थोड्या जागा अशा आहेत जिथे मिलिमीटरचीही सूट नाही, आणि त्यातली पहिली म्हणजे फ्रेट. या पुस्तकातल्या गिटारची तार, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतचं अंतर, 635 मिलिमीटर धरलं आहे. डॅनइलेक्ट्रोचं माप तेच होतं. पहिला फ्रेट कुठे घ्यायचा? 635ला 17.817नं भागा: नटपासून 35.64 मिलिमीटर. उरलेल्या 599.36ला पुन्हा 17.817नं भागा, तेवढं पुढे दुसरा. असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, 317.5वर येतो. जुने युरोपी कारागीर सोयीसाठी 18नं भागत. ते आकडे घेतले तर बाराव्या फ्रेटपर्यंत दोन मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो कानाला बोचतो. आकडे सगळे आधी काढून ठेवावेत आणि प्रत्येक खूण नटपासूनच मोजावी. एका फ्रेटपासून दुसरा मोजत गेलं की प्रत्येक वेळची बारीकशी चूक पुढच्यात मिसळत जाते.

फ्रेटबोर्डला शिसव वापरा. जगभरच्या गिटारींवर 'इंडियन रोझवुड' म्हणून जे मिरवतं ते पश्चिम घाटातलं हेच झाड. जुन्या शिसवी पलंगाचा किंवा कपाटाचा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. ते लाकूड पन्नास वर्षं वाळून, हलायचं तेवढं हलून थांबलेलं असतं. नेकसाठी जुन्या चौकटीचा साग चालतो. नवं लाकूड घ्यायचं तर एक पावसाळा आणि एक उन्हाळा घरात राहू द्या. माझी पहिली नेक मी एका वखारीतल्या ताज्या लाकडाची केली होती. जुलै उजाडला आणि ती धनुष्यासारखी वाकली.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर येतो म्हणून मी ब्रिजही बरोबर 635वर ठोकला. मोकळ्या तारा सुरात लागल्या. बाराव्या फ्रेटवर दाबल्या की मात्र प्रत्येक तार चढी बोलत होती, जाड तारा जास्तच. मी आधी फ्रेट परत मोजले, मग नट खरवडला, मग तारा बदलल्या. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी कळलं, की तार फ्रेटवर दाबताना ती ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. तो चढ भरून काढायला ब्रिज मोजमापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे लागतो, जाड तारेच्या बाजूला आणखी मागे. त्यासाठीच प्रत्येक चांगल्या ब्रिजला मागेपुढे सरकवायची सोय असते. मी जुनी भोकं सागाच्या खुंट्या घालून बुजवली आणि नवी पाडली. त्या खुंट्या दिसतात. मी त्यांवर रंग दिलेला नाही.

पिकअपसाठी लिपस्टिकच्या नळ्या आता प्लॅस्टिकच्या मिळतात, त्यांचा उपयोग नाही. मला पुण्याच्या जुन्या बाजारात पडदे लावायची पितळी नळी मिळाली. अशी नळी घेताना खिशात लोहचुंबक न्या. नळीला चिकटला तर ती लोखंडी आहे, घेऊ नका. तार तांब्याची, केसाहून बारीक. आपल्याकडे ती एसडब्ल्यूजी मापानं विकली जाते, 46 नंबर मागा; तिची जाडी 0.061 मिलिमीटर असते. पाच हजार वेढे घ्यायचे. मी हातड्रिल टेबलाला शिकंज्यात आवळलं, त्याच्या तोंडात चुंबकाची कांडी धरली आणि त्याच फिरणाऱ्या तोंडाला एक छोटा चुंबक चिकटवला. समोर एक रीड स्विच, त्याच्या दोन तारा जुन्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला जोडलेल्या. एक अधिक एक दाबून ठेवलं, की प्रत्येक फेरीला आकडा एकानं वाढतो. डाव्या हाताची दोन बोटं तारेला ताण देतात. ताण कमी झाला तर वेटोळं पोकळ होतं, जास्त झाला तर तार तुटते, आणि तुटल्याचा आवाजही येत नाही, बोटांमधलं ओझं नाहीसं होतं इतकंच. माझी 3,800वर तुटली. टोकांवरचं एनॅमल खरवडून, डाख देऊन, कागदाच्या इवल्या कपट्यानं झाकून मी पुढे गेलो. शेवटी मल्टिमीटर लावला, चार किलोओहम. नळीत सहाशे-सातशे मीटर तार मावली होती.

अंगाचा हार्डबोर्ड प्लायवुडच्या दुकानातून तीन मिलिमीटरचा आणला. खटका आणि नॉब बसवायच्या पट्टीला मात्र घरातच माळ्यावर एक जुनं परीक्षेचं पॅड सापडलं. चाप काढला, कडा कानशीनं गोल केल्या, भोकं पाडली. पहिल्यांदा अ‍ॅम्पला जोडली तेव्हा गिटारीतून एकसारखी गुणगुण येत होती, तारांना हात लावला तरी थांबत नव्हती. ब्रिजखालून आणि पितळी नळीवरून जमिनीची म्हणून जी तार न्यायची असते ती मी जोडलीच नव्हती. स्क्रू काढून पॅड उलटं केलं. आतल्या बाजूला, जाळीच्या ठशावर, निळ्या बॉलपेननं ताईचा दहावीचा बैठक क्रमांक लिहिलेला होता आणि त्याखाली पेपरांच्या तारखा, भूमितीपर्यंतच्या खोडलेल्या. मी तार डाख देऊन जोडली, पॅड पुन्हा बसवलं, अ‍ॅम्प लावला. गुणगुण थांबली होती.